भंगारवाल्याला मशीन देण्यापूर्वी

घर पाडून नवे बांधायला काढले, की माळ्यावरून ज्या वस्तू आधी खाली येतात, त्यांत आजीचे काळे शिलाई मशीन असते. भंगारवाला ते लोखंडाच्या वजनावर घेतो. त्याचे ओतीव लोखंडाचे स्टँड पुढे शहरातल्या एखाद्या हॉटेलात टेबल म्हणून मिरवते, आणि ज्या घरातून ते गेले त्याच घरातली सून बचत गटाचे कर्ज काढून नवे मशीन घेते. हा व्यवहार आम्ही इतक्या वेळा पाहिला, की आता त्याविषयी लिहिणे आमचे कर्तव्यच झाले आहे.

शिवणकाम हा गावगाड्याने आपल्या वाट्याला दिलेला धंदा नव्हे. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात साताऱ्याच्या घरची आठवण सांगितली आहे. तेथे न्हावी होते, घरात पैसे देण्याची ऐपत होती, परंतु अस्पृश्याच्या डोक्याला वस्तरा लावण्यास कोणी तयार नव्हता. म्हणून भावंडांचे केस थोरली बहीण कापीत असे. आपले काम आपल्याच हाताने करण्याची सवय आपल्या मायबहिणींना अशी लागलेली आहे. पुढे चाळींतून आणि झोपडपट्ट्यांतून मशीन आले, तेव्हा त्या सवयीचे कमाईत रूपांतर झाले. पोलकी, परकर, शाळेचे गणवेश, १४ ऑक्टोबरचे पांढरे कपडे, १४ एप्रिलचे निळे झेंडे! किती मुलांची फी त्या चाकावर भरली गेली, याचा हिशेब कोणत्याही वहीत सापडणार नाही.

धम्मातही सुईला कमीपणा नाही. मगधातील भातखाचरांच्या बांधांप्रमाणे तुकडे जोडून चीवर शिवण्याची पद्धत भगवंतांच्या सूचनेवरून आनंदांनी बसवली, असे विनयपिटकात आहे. आपण ज्याला कठिन चीवरदान म्हणतो, त्यातले 'कठिन' म्हणजे चीवर शिवताना कापड ताणून धरण्याची चौकट.

आता मशीनकडे वळू. आयझॅक सिंगर यांनी अमेरिकेत १८५१ साली पेटंट घेतले, आणि त्यांच्या कंपनीने पाचच वर्षांत हप्त्यांनी मशीन विकायला सुरुवात केली. आपल्याकडे 'उषा' हे नाव घरोघर पोचवले ते कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने. आपल्या वस्त्यांत आढळणारी बहुतेक काळी मशीन, मग त्यावर नाव कोणतेही असो, सिंगरच्या '१५' या जुन्या नमुन्यावरून बेतलेली आहेत. ही माहिती केवळ कौतुकाची नाही. नमुना एकच असल्यामुळे बॉबिन, बॉबिन केस, शटल, सुई हे सर्व भाग आजही साध्या दुकानात मिळतात. पन्नास-साठ वर्षांच्या दुसऱ्या कोणत्या यंत्राबद्दल असे म्हणता येईल? अपवाद एकच. काही फार जुन्या सिंगरमध्ये बंदुकीच्या गोळीसारखे लांबट शटल असते. त्याची बॉबिनही लांबट असते व ती सहज मिळत नाही. तसे मशीन असेल तर जुन्या बॉबिन जिवापाड सांभाळाव्यात.

माळ्यावरचे मशीन फिरत नाही, म्हणजे ते मेले असे नव्हे. बहुतेक वेळा आतले तेल वाळून त्याचा डिंक झालेला असतो. प्रथम पट्टा काढावा. पट्टा काढल्यावर पायडल सुरळीत हलते आणि वरचे चाक जड जाते, तर दोष डोक्यात आहे. उलट असेल तर स्टँडमध्ये. डोके जड असेल तर तेलाच्या प्रत्येक छिद्रात, आणि डोके मागे कलते करून खालच्या प्रत्येक सांध्यावर, थोडे रॉकेल सोडावे. रॉकेल न मिळाल्यास मशीनचे पातळ तेलच वापरावे, मात्र मग धीर जास्त धरावा लागतो. चाक जोराने ओढू नये. थोडे मागे, थोडे पुढे असे हलवून रात्रभर तसेच ठेवावे, आणि सकाळी पुन्हा तेच करावे. आमच्याकडे आलेले एक मशीन चौथ्या दिवशी सुटले. काळा मळ वाहून आला की तो पुसून मशीनचे तेल द्यावे. खोबरेल किंवा खाण्याचे तेल कदापि घालू नये. मशीन जाम होण्याचे निम्मे पाप त्या खोबरेलाचे असते असे आमचे मत आहे. स्पिरिट किंवा थिनरने वरचा काळा रंगही पुसू नये, सोनेरी वेलबुट्टी त्यासोबत निघून जाते.

चालते मशीन एकाएकी गच्च अडकले, तर मात्र कारण निराळे. आमच्या वस्तीतील एक भगिनी पती वारल्यापासून शिलाईवर घर चालवतात. ऐन एप्रिलच्या तोंडावर, झेंड्यांचे मोठे काम हाती असताना त्यांचे मशीन थांबले. दुरुस्तीवाल्याने ते न उघडताच "डोके गेले, नवे घ्या" असे सांगितले, वर जुने आपल्याकडे ठेवून घेण्याची तयारीही दाखवली! आमच्यातील एका निवृत्त फिटर काकांनी बॉबिन केस काढली, शटलची कडी सोडवली (काही मशीनला तेथे खिट्ट्या असतात, काहींना दोन स्क्रू), आणि आतून निळ्या दोऱ्याचा गुंता चिमट्याने ओढून काढला. शटल पुसले, तेलाचा एक थेंब दिला, सुई वर ठेवून शटल परत बसवले. पाव तासाचे काम. झेंडे तेरा तारखेच्या रात्री पुरे झाले. असा गुंता बहुधा चाक उलटे फिरल्याने होतो. चाकाचा वरचा भाग नेहमी शिवणाऱ्याकडे यायला हवा.

टाके सुटत असतील तर आधी सुई बदलावी, मग बाकीचा विचार. काचेवर सुई लोळवून पाहिली की वाकडेपणा कळतो. सुईला एका अंगाने लांब खाच असते, दोरा त्या अंगाने ओवावा, आणि चपटी बाजू शटलच्या टोकाकडे ठेवून सुई पूर्ण वर सारावी. सॅटिनच्या झेंड्याला ११ नंबर, पोलक्याला १४, दप्तराच्या जाड कापडाला १६ किंवा १८. एकाच सुईवर सगळे शिवणाऱ्या भगिनी नंतर मशीनला बोल लावतात.

कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे फुगे येतात तेव्हा बहुतेक जणी बॉबिनचा स्क्रू पिळतात. दोष खाली दिसतो, पण असतो वरच्या दोऱ्यात. पाय वर उचलून दोरा पुन्हा ओवावा, कारण पाय खाली असताना टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात व दोरा त्यांत बसतच नाही. चकत्यांमध्ये कापसाचा मळ असेल तर स्वच्छ चिंधी फिरवावी. बॉबिन केस दोऱ्याला लोंबकळत धरली असता आपोआप घसरू नये, हलका झटका दिल्यावर मात्र थोडी उतरावी. एवढे ठीक असेल तर तिच्या स्क्रूला हात लावू नये.

कापड पुढे सरकत नसेल तर सुईखालची प्लेट काढून दातांतला मळ काढावा. चाक फिरते पण सुई हलत नाही, अशी तक्रार बॉबिन भरल्यानंतर येते. चाकाच्या मधला मोठा स्क्रू आवळायचा राहिलेला असतो. आवळूनही धरत नसेल तर आतला तीन कानांचा वॉशर काढून अर्धा फिरवून बसवावा. पट्टा सैल झाला तर अर्धा इंच कापून पुन्हा तार अडकवावी, फार ताणू नये.

एवढ्या सगळ्याचा खर्च सुया, तेल, पट्टा धरून काही शे रुपयांत भागतो. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचा समावेश असून औजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. 'पारंपरिक' या तिच्या शब्दाशी आमचा वाद आहे, तो स्वतंत्रपणे मांडू. ज्यांना लाभ मिळेल त्यांनी नवे मशीन अवश्य घ्यावे. परंतु म्हणून जुने का विकावे? एका घरी दोन मशीन म्हणजे दोघींची कमाई. घरात दुसरी शिवणारी नसेल, तर ते विहाराच्या शिवणवर्गाला द्यावे. आमच्या वर्गात शिकणाऱ्या मुली जास्त आहेत आणि मशीन कमी.

दर रविवारी वंदनेनंतर आम्ही दुरुस्तीला बसतो. स्टँड आणण्याचे कारण नाही, डोके तेवढे दोघांनी उचलून आणावे. सोबत बॉबिन केस आणि शेवटचे बिघडलेले शिवण असलेली चिंधी हवी. बॉबिन केस टेबलाच्या खणात असते, आणि खण हमखास घरीच राहतो.