लोखंडाच्या मुलखातली पिवळी पालवी

गडचिरोलीत सुरजागडचा डोंगर लोहखनिजाने भरलेला. मग शेजारच्या चंद्रपुरात, वरोरा-राजुऱ्याकडच्या काळ्या जमिनीत मोसंबीचं कोवळं कलम लोहावाचून पिवळं का पडावं? कारण लोह मातीत असणं वेगळं आणि मुळांना मिळणं वेगळं. चुनखडीच्या, सामू 8 च्या आसपास गेलेल्या मातीत ते विरघळतच नाही. त्यात पाणी साचलं किंवा स्फुरदाचा मारा झाला, की आणखीच अडतं. खूण साधी आहे: शेंड्याचं पान पिवळं, शिरा मात्र हिरव्या. जुनी पानं आधी पिवळी पडत असतील, तर बहुधा नत्र कमी. पिवळं दिसलं की युरिया, ही सवय वाईटच. ‘मग हिराकस मातीत टाकू’ म्हणाल, तर अशा जमिनीत तोही लवकरच अडकून बसतो. त्यापेक्षा निचरा सुधारा, शेणखत वाढवा, गरज पडल्यास चिलेटेड लोह द्या. पण आधी माती तपासून घ्या.