Explainer नव्हे, उलगडा: ‘तुंबाड’चा हस्तर एवढा घाबरवतो का? उत्तर कणकेच्या बाहुलीत

ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेला ‘तुंबाड’ तेव्हा थिएटरमध्ये फारसा चालला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तोच सिनेमा पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. शेवट ठाऊक असलेल्यांनीही तिकिटं काढली. भयपटाच्या नशिबी हे क्वचितच येतं. (पुढे कथा उघड होते, न पाहिलेल्यांनी इथेच थांबावं.)

हस्तर आहे तरी कोण?

पुराणांत शोधू नका, सापडणार नाही. हा देव सिनेमासाठी रचलेला आहे. समृद्धीच्या देवीचा हा थोरला मुलगा. त्याला आईचं सोनंही हवं होतं आणि धान्यही. सोनं मिळालं, धान्याकडे हात जाताच बाकीचे देव तुटून पडले. आईने त्याला पोटात लपवून वाचवलं. तेव्हापासून तो सोनं घेऊन बसलाय, पण उपाशी.

सगळा खेळ या भुकेवर चालतो. विनायक दोरीने खाली उतरतो, पिठाचं रिंगण आखून आत बसतो आणि कणकेची बाहुली पुढे करतो. हस्तर तिच्यावर झडप घालतो, तेवढ्यात त्याच्या लंगोटातली नाणी पाडून घ्यायची. हस्तरचा स्पर्श झाला की माणूस मरत नाही, सडत राहतो.

गंमत अशी, की हस्तर कुणाच्या घरी येत नाही. इतर सिनेमांत भूत माणसाच्या मागे लागतं, इथे माणूस दरवेळी स्वतःहून विहिरीत उतरतो. नियम पाळले तर वर्षानुवर्षं काही बिघडतही नाही.

मग बिघडतं कुठे?

हिशेबात. १९४७ मध्ये देश स्वतंत्र होतो आणि तुंबाडचा वाडा सरकारच्या ताब्यात जाणार असतो. मूठमूठ नाण्यांवर भागणार नाही. विनायकच्या मुलाला, पांडुरंगला, युक्ती सुचते: बाहुल्या जास्त न्यायच्या आणि अख्खा लंगोटच पळवायचा. कागदावर गणित चोख. फक्त जितक्या बाहुल्या, तितके हस्तर, हे कुणी तपासून पाहिलेलं नसतं!

विज्ञानकथेतही असेच नियम असतात, पण ते लेखकाला मनाने ठरवता येत नाहीत. जयंत नारळीकरांच्या ‘कृष्णविवर’ला १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं. तिथले नियम भौतिकशास्त्राचे. अद्भुतकथेत लेखक नियम स्वतः घडवतो आणि मग त्यालाही ते मोडता येत नाहीत. ‘तुंबाड’ हे पथ्य काटेकोर पाळतो, म्हणून भीती खरी वाटते.

गोष्ट आली कुठून?

नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, पण कथानकाचा त्या कादंबरीशी संबंध नाही. भीतीचं मूळ नारायण धारप यांच्या ‘आजी’ कथेत आहे आणि ‘आजी’चं मूळ स्टीफन किंगच्या ‘ग्रामा’त. घरात एकटा मुलगा आणि शेजारी भयंकर म्हातारी, हा प्रसंग तिथूनच आला.

दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी एक मोठा बदल केला. किंगची आजी जादूटोणा करणारी आहे. ‘तुंबाड’मधली साखळदंडाने बांधलेली म्हातारी कधीकाळी साधी बाई होती, खजिन्यासाठी उतरलेली. लहानगा विनायक तिची अवस्था डोळ्यांनी पाहतो, जेमतेम जीव वाचवतो. मोठा झाल्यावर तिच्याकडेच परत जातो, खजिन्याचा पत्ता विचारायला.