वणव्याच्या नकाशावरची नावे

उन्हाळ्यात वणव्यांचा उपग्रह-नकाशा उघडला की विदर्भातील जंगलांवर लाल ठिपके दिसू लागतात. गेली काही वर्षे मी ते वाचायला शिकतो आहे. ठिपका म्हणजे आगीची नेमकी जागा, असे वाटते. प्रत्यक्षात तो एका चौकोनाचा मध्यबिंदू असतो.

पदार्थ जितका जास्त तापतो, तितकी त्याच्या किरणांची तरंगलांबी घटते. उन्हाने तापलेली जमीन १० मायक्रोमीटरच्या आसपास सर्वाधिक किरण सोडते, तर आग ४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात उठून दिसते. हे दोन पट्टे आणि शेजारचे चौकोन ताडून आग ओळखली जाते. 'टेरा' व 'अ‍ॅक्वा' उपग्रहांवरील मोडिस यंत्राचा चौकोन एक किलोमीटरचा, म्हणजे १०० हेक्टरांचा. २०११मध्ये सोडलेल्या 'सुओमी एनपीपी'वरील यंत्राचा ३७५ मीटरचा. तरीही सुमारे ३५ एकर.

देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४पासून अशा ठिपक्यांवरून इशारे देते. ठिपक्यांवर वनहद्दींचा नकाशा चढवला की अक्षांश-रेखांशांना परिक्षेत्राचे, नियतक्षेत्राचे नाव मिळते आणि संदेश मोबाइलवर जातो. हद्द चुकली, तर संदेश भलत्याच वनरक्षकाकडे जाणार.

पण 'सुओमी एनपीपी' आपल्यावरून जातो दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला दुपारी तीनला पेटवला आणि आग पसरली, तर त्याला ती रात्रीच दिसेल. मधल्या वेळेत धूर दिसतो तो गुराख्याला, मोहफुले वेचणाऱ्या बाईला. त्यांच्याकडे अक्षांश-रेखांश नसतात. नाल्याचे, टेकडीचे, देवस्थानाचे नाव असते. नकाशावर ते नाव नसेल, तर त्यांचा फोन येऊनही जागा शोधण्यात वेळ जातो.

ही नावे गोळा करण्याचे काम अनेक गावांनी आधीच केले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. अशा दाव्यांसाठी ग्रामसभा आपल्या हद्दी आणि ओळखीच्या खुणा नोंदवतात. त्या नोंदी फायलींतून वणव्याच्या नकाशावर आणायला नवा उपग्रह लागत नाही. ठिपक्यावरून गावाचे नाव आज सापडते. गावाने सांगितलेल्या नावावरून जंगलातली जागाही तितक्याच लवकर सापडली पाहिजे.