हरिहरेश्वरच्या खाडीतला चिखल आणि कार्बनचा हिशेब

हरिहरेश्वरपाशी सावित्री समुद्राला मिळते. तिथल्या बाणकोट खाडीकाठचं कांदळवन आपण बहुतेक वेळा फेरीबोटीतूनच बघतो. खालचा काळा, उग्र वासाचा चिखल म्हणजे कार्बनची तिजोरी! भरतीच्या पाण्यामुळे आत प्राणवायू फारसा पोहोचत नाही, म्हणून पालापाचोळा पुरता कुजत नाही. कोकणात बांध घालून, उघाड्या (पाणी सोडायची दारं) बसवून अशी खाजणं, म्हणजे भरतीखालच्या खाऱ्या जमिनी, लागवडीखाली आणली गेली. चिखल सुकला की हवा शिरते आणि साठलेला कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निसटतो.

तो मोजायचा कसा? ओहोटीला चिखलात कडं रोवून वर हवाबंद डबा बसवायचा, ठरावीक मिनिटांनी सिरिंजने हवा काढायची आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर तपासायची. वायू वाढण्याच्या वेगावरून उत्सर्जन कळतं. तिवराची श्वसनमुळं डब्यात आली तर आकडा बदलतो. याच चिखलातून निघणारा मिथेन तर फारच लहरी: खाऱ्या पाण्यातलं सल्फेट त्याला दाबून ठेवतं, बांधामागे गोडं पाणी तुंबलं की तो वाढू शकतो.

आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या २०१३च्या पाणथळ पुरवणीत निचरा केलेल्या किनारी जमिनीसाठी ढोबळ आकडा आहे: हेक्टरी वर्षाला ७.९ टन कार्बन, म्हणजे सुमारे २९ टन कार्बन डायऑक्साइड. पण ही जगाची सरासरी. पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, प्रकल्पासाठी विषय शोधताय ना? आपल्या खाडीचा आकडा मोजा!