नाव प्रवाहाचे, मापन दाबाचे

हृदयाला रक्त पुरविणारी रोहिणी अरुंद झाली आहे किंवा कसे, याचा निवाडा वैद्यकाने दीर्घकाळ डोळ्यांवर सोपविला होता. परंतु क्ष-किरणचित्रात दिसते ती रोहिणीची केवळ छाया होय. छायेत साठ टक्के अरुंद भासणारी रोहिणी स्नायूला पुरेसे रक्त पोहोचवीत असेल, तर तेथे स्टेंट बसविणे व्यर्थ. पोहोचवीत नसेल, तर तो न बसविणे धोक्याचे.

ही अडचण दूर करण्यासाठी निको पाइल्स व बर्नार्ड डी ब्रुइन यांनी १९९० नंतरच्या दशकात ‘फ्रॅक्शनल फ्लो रिझर्व्ह’ हे परिमाण रूढ केले. भाषेच्या अभ्यासकाला हे नाव प्रथमदर्शनी चुकीचेच वाटावे. कारण नावात प्रवाह आहे आणि प्रत्यक्षात मोजला जातो दाब. सुमारे ०.३६ मिलिमीटर जाडीची, दाबमापक बसविलेली तार अरुंद भागापलीकडे नेतात. तेथील सरासरी दाबाला महारोहिणीतील सरासरी दाबाने भागतात. महारोहिणीत १०० व पलीकडे ७० असा दाब भरल्यास गुणोत्तर ०.७० येते, निरोगी रोहिणीत ते १ च्या जवळपास असते.

मग प्रवाहाचे नाव कशाच्या बळावर? विश्रांतीच्या अवस्थेत पुढील सूक्ष्म वाहिन्या स्वतःच प्रसरण पावून उणीव झाकून टाकतात. म्हणून ॲडिनोसीन देऊन त्या पूर्णपणे सैल करतात. विरोध असा किमान व स्थिर झाला, की दाब आणि प्रवाह एकमेकांच्या प्रमाणात राहतात, आणि दाबाचे गुणोत्तर हेच प्रवाहाचे गुणोत्तर ठरते. नाव, अर्थात, बरोबर आहे. त्यातला एक दुवा तेवढा अध्याहृत आहे. यातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. तेवढाच अरुंदपणा मोठ्या स्नायुक्षेत्राला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीत असेल, तर गुणोत्तर अधिक घसरते. छायेला हा भेद कळत नाही.

गुणोत्तर ०.८० किंवा त्याहून कमी असेल तरच स्टेंट बसवावा, हा दंडक ‘फेम’ या चाचणीत पारखला गेला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत एकाहून अधिक रोहिण्या अरुंद झालेले १,००५ रुग्ण होते. वर्षभरात मृत्यू, हृदयविकाराचा झटका अथवा पुन्हा करावा लागलेला उपचार यांचे एकत्रित प्रमाण चित्रावर विसंबलेल्या गटात १८.३ टक्के, तर दाब मोजलेल्या गटात १३.२ टक्के आढळले. आणि दुसऱ्या गटात दर रुग्णामागे स्टेंटही कमी लागले.

मात्र तीव्र झटका नुकताच येऊन गेलेल्या रोहिणीत हे मापन जपून वाचावे लागते. तेथील सूक्ष्म वाहिन्या दुखावलेल्या असल्याने औषधाला पुरेशा सैलावत नाहीत, आणि गुणोत्तर खऱ्याहून चांगले दिसते.