लोणारचा फोटो एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर कसा जातो?

परवा चिखलीच्या भाच्याने विचारलं, "मामा, माझं खातं पिक्सेलफेडवर, तुमचं मॅस्टोडॉनवर. मग मी टाकलेला लोणार सरोवराचा फोटो तुम्हाला दिसला कसा?"

प्रश्न आवडला, म्हणून ही पोस्ट.

पिक्सेलफेड आणि मॅस्टोडॉन ही दोन सोशल नेटवर्कं, पण त्यांचा मालक एक नाही. हजारो सर्व्हर वेगवेगळी माणसं चालवतात, पण त्यांची बोलायची पद्धत एकच: ॲक्टिव्हिटीपब. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने जानेवारी २०१८मध्ये तिला मानक म्हणून मान्यता दिली.

पत्ता ईमेलसारखा असतो, आधी नाव आणि पुढे सर्व्हर. मी भाच्याला फॉलो केलं, तेव्हा माझ्या सर्व्हरने त्याच्या सर्व्हरला तसं कळवलं. आता त्याने काही टाकलं की त्याचा सर्व्हर ते माझ्या सर्व्हरकडे धाडतो आणि इथे त्याची प्रत राहते.

प्रत राहते, हे ध्यानात घ्या! पोस्ट खोडली की इतर सर्व्हरना 'तुम्हीही खोडा' एवढा निरोप जातो. पाळला तर पाळला. मॅस्टोडॉनवरचे खासगी संदेशही सर्व्हर चालवणाऱ्याला वाचता येतात, तेव्हा बँकेचं वगैरे तिथे नकोच.

ट्विटरने ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं बंद केल्यावर, नोव्हेंबर २०१९मध्ये, भारतातले बरेच जण मॅस्टोडॉनवर आले होते. ब्लूस्काय या दुसऱ्या सोशल नेटवर्कची पद्धत मात्र ॲक्टिव्हिटीपबहून निराळी, एटी प्रोटोकॉल. त्यामुळे मॅस्टोडॉनशी जोडायला मधे पूल लागतो.

मॅस्टोडॉनवर सर्व्हर बदलताना फॉलोअर सोबत नेता येतात, जुन्या पोस्ट नाही. खामगाव, मेहकर, मलकापूरकडचं कुणी आहे का इथे? काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा.