जूनमधलं पाणी आणि वर्षाची सरासरी

पाण्याच्या तपासणीचा अहवाल हातात आला की आपली नजर थेट शेवटच्या रकान्यावर जाते. तिथे ‘मर्यादेत’ असं लिहिलेलं दिसलं की आपण कागदाची घडी घालतो, विषय संपला. आज आपण त्या एका शब्दाबद्दल बोलणार आहोत. उदाहरण घेऊ अमेरिकेतल्या मक्याच्या पट्ट्याचं आणि अ‍ॅट्राझिन या तणनाशकाचं. आपल्याकडे मका आणि ऊस करणाऱ्या मंडळींना हे नाव काही नवीन नाही, त्यामुळे शेवटी आपण इकडेही येऊ.

अ‍ॅट्राझिन १९५० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलं. ते शोधलं स्वित्झर्लंडमधल्या गायगी कंपनीनं. वनस्पती सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते, त्या साखळीतली एक कडी ते अडवतं. तण पिवळं पडतं आणि मरतं. मका मात्र आपल्या पेशींमध्येच त्याला निकामी करून टाकतो. म्हणजे तण जातं, पीक राहतं. वर ते स्वस्त. अमेरिकेत वर्षाला साधारण तीस हजार टन वापरलं जातं. शेतकरी ते हौस म्हणून मारत नाही, हे आधीच मान्य करून पुढे जाऊ.

गडबड होते ती वेळेची. हे औषध पेरणीच्या आसपास, जमीन उघडी असताना मारतात. ते मातीला फारसं घट्ट चिकटत नाही आणि लवकर संपतही नाही, आठवडेच्या आठवडे टिकतं. इलिनॉय, मिसुरी, कॅन्सस, ओहायो या भागांत फवारणी होते एप्रिल-मे महिन्यांत, आणि मोठे पाऊस पडतात मे-जूनमध्ये. फवारणीनंतरचा पहिला जोरदार पाऊस शेतातलं पाणी ओढ्यात नेतो, ओढा तलावात नेतो. टक्केवारीत पाहिलं तर मारलेल्या औषधातला अगदी थोडाच भाग असा वाहून जातो. पण तिथली कित्येक लहान शहरं त्याच तलावाचं पाणी पितात.

मग जलशुद्धीकरण केंद्र काय करतं? तुरटी फिरवली की गाळ बसतो. वाळूच्या गाळणीत बारीक कण अडकतात. क्लोरीननं जंतू मरतात. अ‍ॅट्राझिन गाळ नाही आणि जंतूही नाही, ते पाण्यात विरघळलेलं असतं. त्यामुळे या तिन्ही पायऱ्या ते जवळजवळ जसंच्या तसं पार करतं. ते पकडायला सक्रिय कोळसा लागतो, आणि कोळसा महाग. पाणी उकळूनही उपयोग नाही. वाफ होते पाण्याची, औषध भांड्यातच राहतं.

आता आकड्यांकडे येऊ. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं, म्हणजे ईपीएनं, १९९१ मध्ये मर्यादा ठरवली: लिटरला ३ मायक्रोग्रॅम. किती झालं हे? गावातली एक लाख लिटरची टाकी डोळ्यासमोर आणा. त्या अख्ख्या टाकीत मिठाची एक चिमूट. एवढं कमी.

पण ही ३ ची मर्यादा कुठल्या एका दिवसाला लागू होत नाही. ती लागते वर्षाच्या सरासरीला. हा मुद्दा आपण सावकाश पाहू, कारण सगळी गोम इथेच आहे. समजा, एका शहरानं वर्षात चार नमुने घेतले. मार्चमध्ये आलं ०.५, जूनमध्ये ९, सप्टेंबरमध्ये १.५ आणि डिसेंबरमध्ये ०.६. बेरीज ११.६, सरासरी २.९. शहर मर्यादेत! जूनमध्ये पाणी मर्यादेच्या तिप्पट होतं, तरी कागद स्वच्छ. (हे आकडे हिशोब कळावा म्हणून आम्ही घेतलेत, कुठल्या गावाचे नाहीत.) आणि जूनचा नमुना मोठ्या पावसाच्या आधी, कोरड्या आठवड्यात घेतला असता, तर तो ९ मुळात दिसलाच नसता. २००३ नंतर ईपीएनं काही निवडक योजनांमध्ये हंगामात दर आठवड्याला नमुने घ्यायला लावले, तेव्हा असे उंच सुळके दिसले. सरासरी ३ च्या आत असलेल्या ठिकाणीही दिसले.

कोणी म्हणेल, थोडे दिवस जास्त असलं तर काय बिघडलं? जे विष वर्षानुवर्षं थेंबाथेंबानं साठून त्रास देतं, त्याच्यासाठी सरासरी हे माप ठीकच आहे. पण अ‍ॅट्राझिनबद्दलची काळजी वेगळी आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत ते मेंदूकडून येणारा संप्रेरकांचा इशारा दाबतं असं दिसलं. ईपीएचं स्वतःचं मूल्यमापनही याच परिणामावर उभं आहे. माणसात नेमकं किती प्रमाणाला काय होतं, यावर वाद आहे, आणि तो आज इथे आपण मिटवणार नाही. पण गरोदरपणातले काही आठवडे, तान्ह्या बाळाचं दूध कालवायचं पाणी, यांना वर्षाच्या सरासरीशी काय देणंघेणं? त्या बाईनं जूनमध्ये जूनचंच पाणी प्यायलेलं असतं.

आणखी एक. जमिनीत अ‍ॅट्राझिनचे तुकडे होतात. त्यातले काही मूळ औषधासारखंच काम करतात. अमेरिकेची ३ ची मर्यादा मोजते फक्त मूळ औषध.

कोळशाचा खर्च कुणी करायचा, हा प्रश्न शेवटी कोर्टात गेला. २००४ मध्ये इलिनॉयमधल्या हॉलिडे शोअर्स या छोट्या वसाहतीच्या पाणीपुरवठा संस्थेनं दावा लावला, पुढे इतर शहरंही लढ्यात आली. २०१२ मध्ये सिंजेंटा कंपनीनं तडजोडीत १०.५ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं, चूक मान्य न करता. हजारावर पाणीपुरवठा योजना त्यासाठी पात्र होत्या. तोवर कोळशाचे पैसे गावकऱ्यांच्या पाणीपट्टीतून जात होते.

युरोपनं वेगळी वाट धरली. तिथे कुठल्याही एका कीटकनाशकाला किंवा तणनाशकाला पिण्याच्या पाण्यात मर्यादा ०.१. हा आकडा विषारीपणा मोजून काढलेला नाही. पाण्यात हे असूच नये, एवढाच त्याचा अर्थ. भूजल या मर्यादेत राहील याची खात्री देता येईना, म्हणून युरोपीय संघानं अ‍ॅट्राझिनची परवानगी काढून घेतली. तरी तिथल्या भूजलात ते आणि त्याचे तुकडे अजून सापडतात. उलट जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये आपला आकडा २ वरून १०० वर नेला, मात्र त्यात तुकडेही धरले. भारताच्या आयएस १०५०० मानकात मर्यादा आहे २. एकच पदार्थ आणि आकडे ०.१, २, ३, १००. आमच्या मते नुसता आकडा विचारून भागत नाही. काय मोजलं आणि कोणत्या दिवशी मोजलं, हेही विचारायला हवं.

आता आपल्याकडे. खरीप मक्यात अ‍ॅट्राझिन मारतात पेरणीनंतर लगेच, तण उगवायच्या आत. म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर. गावाची विहीर ओढ्याकाठी असेल तर पुढचं तुम्ही ताडलं असेलच. ग्रामपंचायतीकडची तपासणी पेटी क्लोरीन, नायट्रेट, फ्लोराइड, जंतू असं दाखवते. तणनाशक तिला दिसत नाही. टाकीत टीसीएल टाकूनही ते जात नाही. त्याला मोठ्या यंत्रांची प्रयोगशाळा लागते, आणि तिथेही अर्जात अ‍ॅट्राझिन असं नाव घालून तपासणी मागावी लागते. नमुना घ्यायचा तर फवारणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसापाठोपाठ, त्याच आठवड्यात घ्या, आणि बाटलीवर तारीख लिहा.